सावकाश चालणाऱ्याच्या गावात

देवाला जायचं ठरलं की आपल्या घरांत तीन प्रश्न विचारले जातात. गाडी कुठली करायची? रांग किती असेल? आणि तिथं ओळखीचं कोण आहे? चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: तिथं पोचल्यावर आपण चालणार किती आणि बघणार काय? वारकऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांचं चालणं हीच पूजा असते. बाकीचे आपण देवाच्या दारापर्यंत चाकांवर जातो, पाच मिनिटांत हात जोडतो आणि पुन्हा चाकांवर बसतो. आज मला त्या चौथ्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी मी नगर जिल्ह्यातलं शनिशिंगणापूर निवडलं आहे. वाटाड्या न घेता, कुणाच्या बोटाला न धरता, आपल्या दोन पायांनी हे गाव कसं बघावं, ते सांगतो.

आधी पत्ता. शिंगणापूर नावाची दोन प्रसिद्ध ठिकाणं महाराष्ट्रात आहेत. सातारा जिल्ह्यातलं शिखर शिंगणापूर शंभूमहादेवाचं. आपलं शिंगणापूर नेवासे तालुक्यातलं, शनीचं. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिथून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यानं निघालं की घोडेगाव लागतं आणि घोडेगावहून आत वळलं की पाच-सहा किलोमीटरवर हे गाव. शिर्डीहून येणारे राहुरीवरून येतात, ते अंतर साधारण सत्तर किलोमीटर. शनिवार, शनी अमावास्या आणि शनी जयंती या दिवशी इथं मुंगीलाही वाट मिळत नाही. तेव्हा चालत बघायचं असेल तर आठवड्यातला मधला दिवस धरावा आणि सकाळी लवकर पोचावं.

आता गावात शिरण्याआधीच एक गृहस्थ भेटतात, त्यांची ओळख करून देणं भाग आहे. या भागात त्यांना ‘लटकू’ म्हणतात. गाडीला लटकत येतो तो लटकू, इतका साधा अर्थ. बाहेरगावची गाडी दिसली की मोटारसायकलवरून तिच्या बाजूनं यायचं, हात करायचा, ‘गाडी इथंच लावावी लागते’, ‘पूजेचं ताट घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत’ असं सांगायचं आणि ठरलेल्या दुकानापुढं नेऊन उभं करायचं. दुकानदाराकडून त्याचं कमिशन सुटतं. ताटाची किंमत माणूस बघून ठरते. गाडी मोठी असेल तर ताट महाग, आणि घरात कुणाला साडेसाती आहे असं तोंडातून निघालं तर आणखी महाग. या त्रासाबद्दल वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत छापून आलं आहे, पोलिसांनी कारवायाही केल्या आहेत, आणि तरी लटकू आहे. तो काही आकाशातून पडलेला नाही. पाऊस दगा देणाऱ्या भागातला, शिकून रिकामा बसलेला पोरगा असतो तो. त्याच्यावर ओरडू नये. ‘दादा, मला काही नको, मी चालत जाणार आहे’ एवढं हसून म्हणावं. चालणाऱ्या माणसाला लटकता येत नाही, हा पायी फिरण्याचा पहिला फायदा.

लटकूचं भांडवल आहे आपली भीती. म्हणून चालायला सुरुवात करण्याआधी ती भीती थोडी उलगडून बघू.

शनीचं जुनं नाव शनैश्चर. शनैः म्हणजे हळूहळू आणि चर म्हणजे चालणारा. शनैश्चर म्हणजे सावकाश चालणारा. दुर्बिणी नसलेल्या माणसांनी नुसत्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं आकाश बघून हे नाव ठेवलं, आणि ते अचूक आहे. शनी सूर्यापासून सुमारे १४३ कोटी किलोमीटर लांब आहे. सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला त्याला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत त्याचा मुक्काम साधारण अडीच वर्षं. आपल्या राशीच्या आधीची रास, आपली रास आणि नंतरची रास अशा तीन मुक्कामांची बेरीज साडेसात वर्षं, तीच साडेसाती. आता साधा हिशेब करा. कुठल्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना साडेसाती चालू असते. म्हणजे जगातल्या चार माणसांतला एक माणूस आत्ता, या घटकेला साडेसातीत आहे. राजा असो की रंक, क्रिकेटपटू असो की त्याला बाद करणारा गोलंदाज. जे चौघांत एकाला असतं आणि प्रत्येकाला आयुष्यात दोन-तीनदा येतं, ते संकट म्हणण्यापेक्षा ऋतू म्हणावं. उन्हाळा येतो, तशी साडेसाती येते. ज्याची श्रद्धा आहे त्यानं हात जोडावेत, ज्याची नाही त्यानं बघून यावं. पण हा हिशेब मनाशी पक्का असेल तर ताटाची किंमत आपोआप खाली येते.

तर आता चालू लागू. देवळाकडं जाताना दुतर्फा दुकानं लागतात. तेलाच्या बाटल्या, रुईच्या पानांच्या माळा, काळं कापड, काळे उडीद, काळे तीळ, नारळ, घोड्याची नाल. सगळं काळं का, असं लहान मुलं विचारतात. शनीचा रंग काळा मानला आहे आणि त्याचा धातू लोखंड, म्हणून काळं धान्य आणि नाल. या वस्तू घेतल्याच पाहिजेत असं मात्र नाही. नुसते हात जोडून येणारेही रोज हजारो असतात. घ्यायचंच असेल तर दोन दुकानांत भाव विचारून, मोजून घ्यावं.

आणि मग तो चौथरा येतो. पहिल्यांदा येणारा माणूस इथं गोंधळतो, कारण त्याची नजर कळस शोधत असते. या देवावर कळस नाही, गाभारा नाही, छत नाही, भिंत नाही. उघड्या चौथऱ्यावर सुमारे पाच फूट नऊ इंच उंचीची आणि दीड फूट रुंदीची एक काळी शिळा उभी आहे. तिला डोळे नाहीत, हात नाहीत, मुकुट नाही. बाजूला त्रिशूळ आहे, दक्षिणेला नंदी आहे, पुढं शंकराच्या आणि मारुतीच्या लहान मूर्ती आहेत. ऊन, पाऊस, थंडी सगळं त्या शिळेच्या अंगावर येतं. शेजारी कडुलिंब आहे. त्याची फांदी शिळेवर सावली धरायला लागली की आपोआप मोडते, असं गावात सांगतात.

छत का नाही, याचीही गोष्ट आहे. गावाजवळून पानसनाला वाहतो. फार वर्षांपूर्वी मोठा पूर आला, त्यात ही शिळा वाहत आली आणि बोरीच्या झाडाला अडकली. गुराख्यांनी काठी टोचली तेव्हा तिच्यातून रक्त आलं. रात्री गावातल्या एकाच्या स्वप्नात देव आला. मला मामा-भाच्यांनी उचलावं, तरच मी हलेन, असं त्यानं सांगितलं. आणि आणखी सांगितलं की मला देऊळ नको, आकाश हेच माझं छत. गावाचं रक्षण मी करीन, तुम्ही दारं लावू नका. मामा-भाच्यांनी जोडीनं दर्शन घ्यावं, ही समजूत या गोष्टीतूनच आली.

गोष्ट खरी की खोटी, हा प्रश्न मी विचारत नाही. कवितेच्या धंद्यात असल्यामुळं मला दुसराच प्रश्न पडतो: गावानं ही गोष्ट का जपली? पूर, काठी आणि बोरीचं झाड. गोष्टीत सगळं या मातीतलं आहे. आणि देवाला उचलायला राजा नको, पुरोहित नको, आईचा भाऊ आणि बहिणीचा मुलगा हवा. शेतकऱ्याच्या घरात अडचणीला धावून येणारं नातं मामाचंच असतं. म्हणजे गावानं आपल्या नात्यावर देव उभा केला. पुढं या शिळेला चौथरा बांधला तो जवाहरमल लोढा या जैन व्यापाऱ्यानं, नवस फेडण्यासाठी, अशी हकीगत आहे. ग्रामस्थांच्या देवाला एका जैन भक्तानं बैठक दिली, हे चौथऱ्यासमोर उभं राहून आठवावं.

उघड्या आकाशाखाली राहण्याची इच्छा फक्त याच देवाची आहे असं नाही. दिल्लीत हजरत निजामुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात शाहजहानची लेक जहाँआरा हिची कबर आहे. ती १६८१ साली वारली. भोवती संगमरवरी जाळी आहे, वर छप्पर नाही आणि कबरीवर हिरवळ उगवते. तिची इच्छाच तशी होती. बाप जगातली सर्वांत देखणी कबर बांधून गेला आणि लेकीनं वर आकाश मागितलं. छत नाकारणाऱ्यांची जात एकच असावी, असं मला वाटतं.

या चौथऱ्यासमोर सावकाश उभं राहण्याचं आणखी एक कारण आहे. ज्या देवाला भिंत नाही, त्याच्याभोवती माणसांनी न दिसणारी भिंत घातली होती. पुरुषांनी आंघोळ करून, ओल्या वस्त्रानं चौथऱ्यावर जायचं आणि बायकांनी खालूनच नमस्कार करायचा, अशी जुनी रीत होती. २००० साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध आवाज उठवला, प्रकरण न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका तरुणीनं चौथऱ्यावर जाऊन तेल वाहिलं आणि नंतर चौथऱ्याचं शुद्धीकरण करण्यात आलं. २६ जानेवारी २०१६ ला तृप्ती देसाई यांच्या भूमाता ब्रिगेडचा मोर्चा सुप्याजवळ अडवला गेला. १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं राज्य सरकारला १९५६ च्या मंदिर प्रवेशाच्या कायद्याची आठवण करून दिली: जिथं पुरुष जाऊ शकतो तिथं स्त्रीला अडवता येणार नाही. आणि ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, बायका चौथऱ्यावर गेल्या. आभाळ कोसळलं नाही. वर छत नव्हतंच.

आता तेलाबद्दल. भाविक शिळेवर तेल वाहतात, त्यामुळं ती कायम ओली आणि चकचकीत दिसते. पण देवाच्या नावावर बाजारात कसलंही तेल विकलं जाऊ लागलं, आणि त्यानं शिळेची झीज होते अशी काळजी निर्माण झाली. म्हणून १ मार्च २०२५ पासून देवस्थानानं फक्त नामांकित कंपनीचं शुद्ध खाद्यतेलच वाहता येईल असा नियम केला. दगडालाही भेसळ बाधते, ही गोष्ट भेसळ करणाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. त्याच वर्षी देवस्थानाच्या नावानं बनावट ॲप काढून, घरबसल्या पूजेच्या नावाखाली भाविकांकडून पैसे घेतल्याचं प्रकरणही उघडकीला आलं आणि विधानसभेपर्यंत गेलं. म्हणजे लटकू आता मोबाइलमध्येही शिरला आहे. जो माणूस स्वतः चालत येतो, स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, त्याला या नव्या लटकूचीही भीती नाही.

चौथऱ्यावरून निघालं की याच परिसरात दत्ताचं मंदिर आणि उदासी बाबांची समाधी आहे. बहुतेक गाड्यांतली माणसं इथं येतच नाहीत, कारण गाडीवाल्यानं पंधरा मिनिटं दिलेली असतात. इथं जरा टेकावं. गर्दीच्या देवाशेजारी एखादी शांत समाधी असणं, हे आपल्याकडं पुष्कळ ठिकाणी आढळतं. देव मागणाऱ्यांसाठी आणि समाधी बसणाऱ्यांसाठी, अशी जणू वाटणी असते.

यानंतर फेरीचा तिसरा टप्पा, म्हणजे गाव. खरं शिंगणापूर इथं आहे. जुन्या वस्तीत शिरलं की चौकट दिसते, उंबरा दिसतो, पण कवाड दिसत नाही. आडोशाला पडदा असतो, कुत्री-मांजरं आत शिरू नयेत म्हणून रात्री एखादी फळी टेकवून ठेवतात. कडी नाही, कोयंडा नाही, कुलूप नाही. देवानं राखण करायचं वचन दिलंय, मग कुलूप लावणं म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास, असा गावाचा विचार. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेनं इथं शाखा काढली, तेव्हा देशातली पहिली बिनकुलपाची बँक म्हणून तिची बातमी झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये पोलीस ठाणं आलं, त्यालाही दर्शनी दार ठेवलं नाही.

म्हणजे इथं चोरी होतच नाही का? २०१० आणि २०११ मध्ये चोरीच्या तक्रारी झाल्या, त्यांच्या बातम्याही आल्या. काही लोकांना त्यात या गावाचा पराभव दिसला. मला तसं वाटत नाही. चोरी झाल्यावर गावानं दारं बसवली असती, तर तो पराभव होता. विश्वास ठेवणाऱ्याची कधी कधी फसवणूक होते, हे काय आपल्याला ठाऊक नाही? तरी आपण शेजाऱ्याकडं किल्ली ठेवतोच ना!

या गल्ल्यांतून चालताना मात्र एक पथ्य पाळावं. दार नाही म्हणजे आत डोकावायची परवानगी आहे, असं नाही. उलट, जिथं दार नसतं तिथं बघणाऱ्याच्या नजरेलाच दार लावावं लागतं. कुणाच्या स्वयंपाकघराचा, झोपलेल्या म्हाताऱ्याचा फोटो काढू नये. उंबऱ्याशी थांबून ‘ताई, येऊ का?’ किंवा ‘आजोबा, राम राम’ म्हणावं. बहुतेक ठिकाणी पाण्याचा तांब्या पुढं येतो.

बिनकवाडाच्या चौकटी बघताना मला नेहमी जपानची आठवण होते. पुस्तकांतून झालेली ओळख आहे ही. तिथं शिंतो देवस्थानापुढं लाकडाची एक उंच कमान असते, तिला तोरी म्हणतात. दोन खांब, वर दोन आडव्या तुळया. झडप नाही, कडी नाही. तिच्याखालून गेलं की माणूस देवाच्या हद्दीत आला, एवढंच तिचं काम. क्योटो शहरात फुशिमी इनारी नावाचं देवस्थान आहे. तिथं डोंगरवाटेवर अशा हजारो लाल तोरी एकामागं एक उभ्या आहेत. तिथं तिकीट नाही आणि देवस्थान रात्रीही बंद होत नाही. त्याच शहरात कालव्याच्या काठानं साधारण दोन किलोमीटरची एक पायवाट आहे. निशिदा कितारो नावाचे तत्त्वज्ञ तिथं रोज फिरत, म्हणून तिचं नाव तत्त्वज्ञाची वाट पडलं. लोक हातात नकाशा घेऊन, कुणाला न विचारता, एका देवळातून दुसऱ्या देवळात चालत जातात. बरोबर एक घडीची वही असते. प्रत्येक देवळात थोडे पैसे दिले की तिथला माणूस त्या वहीत शिक्का मारतो आणि कुंच्यानं देवळाचं नाव आणि तारीख लिहून देतो. वही भरते तशी चालण्याची हकीगत तयार होते.

आपल्याकडं असा शिक्का मिळणार नाही. पण वही आपली आपण करता येते. शिंगणापूरच्या फेरीत अशी एक छोटी वही जवळ ठेवा. चौथऱ्यापाशी किती वेळ उभे राहिलात, गावात कोण भेटलं, त्यानं ती गोष्ट कशी सांगितली, ते लिहा. दहा माणसं पुराची गोष्ट दहा तऱ्हेनं सांगतात. तो तुमचा शिक्का.

इथवर दोन-अडीच तास झालेले असतात. पायांत बळ असेल तर फेरीचा शेवटचा टप्पा नेवाशाला करावा. हे अंतर सुमारे पंचवीस-तीस किलोमीटर आहे, ते एसटीनं जावं आणि नेवाशात उतरून पुन्हा चालावं. शनीहून नेवाशाला कशाला, असं वाटेल. पण ग्रहांची गोष्ट तिथंही आहे. समुद्रमंथनानंतर मोहिनीनं अमृत वाटलं ते नेवाशात, असं मानतात. राहू चोरून पंक्तीत बसला आणि त्याचं शिर उडवलं गेलं. लोककथा अशी, की शिर पडलं ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव. म्हणजे शिर्डीहून शिंगणापूरला येणारा माणूस नकळत एका ग्रहाच्या गावातून दुसऱ्या ग्रहाच्या गावात येत असतो! नेवाशाचं मोहिनीराजाचं देऊळ अठराव्या शतकात होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधून काढलं. त्याच्या भिंतींवरचं दगडी कोरीव काम सावकाश बघण्यासारखं आहे. देवच स्त्रीरूपात असलेलं हे देऊळ. शिंगणापूरच्या चौथऱ्याचा इतिहास मनात ताजा असताना हे बघावं.

तिथून प्रवरेच्या काठावरच्या ज्ञानेश्वर मंदिराकडं. इथं मूर्तीपेक्षा एका खांबाला मान आहे. त्याला पैस म्हणतात. शके १२१२, म्हणजे १२९० साली, या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. मूळ देऊळ करवीरेश्वराचं होतं. ते काळाच्या ओघात गेलं, खांब तेवढा उरला. बन्सी महाराज तांबे यांच्या पुढाकारानं त्याच्यावर आजचं मंदिर उभं राहिलं. खांबावर एक जुना संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात कुणा राजाचा पराक्रम नाही. करवीरेश्वरापुढचा दिवा अखंड तेवत राहावा म्हणून दर महिन्याला तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद आहे. सकाळी शिंगणापूरला तेल बघितलं, दुपारी नेवाशाला पुन्हा तेलच भेटतं. पण हे तेल भीतीचं नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्याला उजेड मिळावा म्हणून कुणीतरी महिन्याच्या महिन्याला सोय करून ठेवली होती.

आणि दाराचंही बघा. ज्यांच्या आईबापांना समाजानं दार बंद केलं, त्या मुलानं याच खांबापाशी बसून गीतेचं दार सगळ्यांना उघडून दिलं. पुढं एकदा तोच उद्विग्न होऊन झोपडीची ताटी लावून बसला, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईनं त्याला ती उघडायला लावली, अशी परंपरा आहे. ताटीचे अभंग त्यातूनच आले. मराठी कविता दार उघडण्याच्या विनवणीपाशीच मोठी झाली, असं मी मानतो. या जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याचे शेख महंमद याच उघड्या दारातून आत आले आणि त्यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. माझ्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाचं घर या वाड्यात कुठं आहे, असं कुणी विचारलं तर मी तिकडं बोट दाखवतो.

म्हणूनच शिंगणापूरबद्दलची एक गोष्ट मला गाळता येत नाही. जून २०२५ मध्ये देवस्थानानं १६७ कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं. त्यांतले ११४ मुसलमान होते. देवस्थानानं कारण दिलं ते बेशिस्तीचं आणि गैरहजेरीचं. त्याआधी काही हिंदुत्ववादी संघटनांनी मुसलमान कर्मचाऱ्यांविरुद्ध आंदोलनाचा इशारा दिला होता. कोण कामावर येत होतं आणि कोण नव्हतं, याचा निवाडा मी करू शकत नाही. पण फिरणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं, की देवस्थान म्हणजे फक्त शिळा आणि भाविक नसतात. झाडणारे, राबणारे, बाग शिंपणारे हातही असतात. गावानं दाराला कवाड ठेवलं नाही ते देवाच्या शब्दावर. त्या शब्दात कुणाकुणासाठी दार उघडं राहील याची यादी नव्हती. २०१६ साली बायकांसाठी जे उघडलं, ते दुसऱ्या बाजूनं कुणासाठी लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

तर अशी ही एका दिवसाची फेरी. चौथरा, समाधी, गाव, मोहिनीराज आणि पैसाचा खांब. खर्च एसटीच्या तिकिटाचा आणि जेवणाचा. जवळ पाण्याची बाटली, सहज काढता येणारी चप्पल, डोक्याला टोपी किंवा पदर, आणि ती वही. श्रद्धा असेल तर ती बरोबर न्या, नसेल तर अदब तरी न्या. ती कुठल्याही धर्माच्या उंबऱ्यावर चालते. आणि घाई मात्र घरी ठेवून निघा. ज्याचं नावच सावकाश चालणारा आहे, त्याच्या गावी धावत जाण्यात काय अर्थ आहे? साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी पुरी करणाऱ्यासाठी आपण एक दिवस द्यायला हरकत नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)